‘निधी नाही’ या उत्तरापुढे काय करायचे: विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी केंद्राचे कायदे आणि पैसा गोव्यातल्या शाळेत कसा आणावा

शाळेला रॅम्प नाही, विशेष शिक्षक क्वचित फिरकतो, श्रवणयंत्राचे कुणी नावच काढत नाही. पालक मुख्याध्यापकांना भेटतात आणि ‘निधी आलेला नाही’ एवढे ऐकून घरी परततात. मुख्याध्यापक बहुतेकदा खरेच सांगत असतात. पण निधी का आला नाही, हे विचारायचे राहून जाते. नेहमीचे कारण एकच: पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होत होता तेव्हा ते मूल दिव्यांग म्हणून कुठल्याच नोंदीत नव्हते. केंद्राचा पैसा नोंदीमागून येतो. प्रवेशाच्या आणि सोयींच्या हक्काला मात्र नोंद लागत नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की कुणाकडे काय मागायचे ते कळते.

कायद्यात काय आहे

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. त्यामुळे कायदे केंद्राचेही असतात, शाळा मात्र राज्याचे शिक्षण खाते चालवते. पालकाला दोन केंद्रीय कायदे पुरतात.

पहिला, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. वय ६ ते १४. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही (कलम १३). २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले यात स्पष्टपणे आली. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही त्याच दुरुस्तीने दिला. हा पर्याय पालकांनी निवडायचा आहे. ‘तुमच्या मुलाला घरीच शिकवा, आम्ही नाव पटावर ठेवतो’ असे शाळेने परस्पर ठरवले असेल, तर ते कायद्याला धरून नाही. आणि पालकांनी खरोखरच घर निवडले, तरी विशेष शिक्षकाने ठरलेल्या दिवशी घरी यायचे असते. भेटीची तारीख आणि त्या दिवशी काय शिकवले याची वही घरात ठेवा आणि प्रत्येक भेटीला शिक्षकाची सही घ्या.

दुसरा, २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही (ऑटिझम) त्यात येतात. कामाची कलमे तीन. कलम १६ सरकारी मदत घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला लागू पडते: भेदभाव न करता प्रवेश, पोहोचता येईल अशी इमारत आणि स्वच्छतागृह, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे, मुलासाठी वाहतूक आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्यासाठीही वाहतूक. गोव्यात अनुदानित माध्यमिक शाळा पुष्कळ आहेत. ‘आम्ही सरकारी नाही’ हे त्यांचे उत्तर या कलमापुढे टिकत नाही. शाळेची बालरथ बस असेल आणि तिची पायरी मुलाला चढता येत नसेल, तर तो प्रश्नही याच कलमात बसतो. कलम १७ मध्ये परीक्षेतल्या सवलती आहेत. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण मिळते, तेही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी त्याला हवी तिथे. पर्वरीची संजय स्कूल किंवा ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळेत जाणे ज्याला सोयीचे, त्याने तिथे जावे. ज्याला गावातल्या शाळेत शेजारच्या मुलांबरोबर बसायचे आहे, त्याला कुणी विशेष शाळेकडे ढकलू शकत नाही.

नोंद: सगळे इथून सुरू होते

शाळेतल्या प्रत्येक मुलाची माहिती यूडायस प्लस या केंद्राच्या प्रणालीत भरली जाते. मुलाच्या पानाचे तीन भाग असतात: सर्वसाधारण माहिती, पटनोंदणी आणि मिळालेल्या सुविधा. सर्वसाधारण भागात ‘विशेष गरजा असलेले मूल आहे का’ हा प्रश्न आणि त्याखाली अपंगत्वाचा प्रकार येतो. सुविधांच्या भागात त्या मुलाला काय काय मिळाले ते भरायचे असते. पालकाने शाळेत जाऊन एवढेच म्हणावे: ‘माझ्या मुलाचे यूडायसचे पान मला दाखवा.’ त्यात लपवण्यासारखे काही नाही, ती तुमच्याच मुलाची माहिती आहे.

तिथे चार चुका वारंवार सापडतात. प्रश्नापुढे ‘नाही’ असते, कारण प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबायचे असे शाळेने ठरवलेले असते. अपंगत्वाचा प्रकार चुकलेला असतो. स्वमग्न मूल बौद्धिक अक्षमतेत टाकलेले असते आणि मग त्याच्यासाठी मागितले जाणारे साहित्यही चुकते. सुविधांचा भाग मागच्या वर्षीचाच उतरवलेला असतो. आणि सगळ्यात नुकसान करणारी चूक: ज्या मुलाला काहीच मिळालेले नाही, त्याच्यापुढे मिळाल्याची खूण असते. वर बसलेल्या माणसाला त्या मुलाची गरज भागलेली दिसते. ही चूक कुणी मुद्दाम करतोच असे नाही, पण दुरुस्ती पालकानेच लेखी मागावी.

प्रमाणपत्र नसेल तर आधी शाळेत छाननी करून घ्या. एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ हे मोबाइल अॅप शिक्षकांसाठीच केले आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक. त्यातून निदान होत नाही, फक्त पुढे तपासणी हवी का ते कळते. पण छाननीचा कागद हाती असला की इस्पितळात तुमचे म्हणणे ऐकले जाते.

प्रमाणपत्र आणि कार्ड

दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. मुलाचा फोटो, ओळखीचा व राहण्याचा पुरावा आणि जुने तपासणी अहवाल जोडायचे. अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक लगेच लिहून ठेवा. कार्ड हाती येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी तोच चालवून घेतात. म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, किंवा गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), यांपैकी कुठे जायचे ते अपंगत्वावर ठरते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांच्या चाचण्यांसाठी बांबोळीच्या मनोरुग्ण व मानवी वर्तन संस्थेकडे पाठवतात. तिथे जाताना मुलाच्या वह्या बरोबर न्या, गणिताची एक आणि भाषेची एक. दोन वर्षांच्या वह्या असतील तर उत्तम, कारण अडचण तात्पुरती नाही हे वह्यांतूनच दिसते.

अध्ययन अक्षमतेसाठी फार लवकर गेलात तर थांबायला सांगतात. केंद्राच्या सूचनांनुसार मूल साधारण आठ वर्षांचे झाल्यावरच प्रमाणपत्र देतात, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणून दुसरीतच शाळेत छाननी करून ठेवा. आठवे वर्ष लागले की तारीख घ्या. दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे लक्षात येणे सगळ्यात वाईट.

पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

केंद्राचा शाळांसाठीचा मुख्य पैसा समग्र शिक्षा योजनेतून येतो. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून ही योजना झाली. गोव्यासाठी वाटा ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा आहे. खाली दिलेले दर २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यातले आहेत. पुढच्या टप्प्यात बदल झाला असेल तर तो मंजुरीच्या कागदात दिसेल.

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरता येते. यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतो. हे पैसे पालकाच्या खात्यात येत नाहीत. हा आराखडा करण्याचा दर आहे. राज्यातल्या सगळ्या नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर रक्कम काढतात आणि तिच्यातून साहित्य, ब्रेल पुस्तके, तपासणी शिबिरे, उपचार, घरी शिक्षण यांवर गरजेप्रमाणे खर्च होतो. एका मुलाला महाग श्रवणयंत्र लागेल, दुसऱ्याला मोठ्या अक्षरातली पुस्तके पुरतील. त्यामुळे ‘माझे ३,५०० कुठे गेले’ असे विचारू नका. ‘माझ्या मुलासाठी या वर्षी आराखड्यात कोणती बाब धरली आहे’ असे विचारा. या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यावे लागते. विशेष शिक्षकांचे मानधन या ३,५०० बाहेरचे आहे, म्हणून ‘शिक्षकाच्या पगारात सगळे गेले’ हे कारण मान्य करू नका.

खात्यात थेट येणारे वेगळे. दिव्यांग मुलींना पहिली ते बारावीपर्यंत महिना २०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला २,००० रुपये प्रोत्साहन भत्ता. वाहतूक किंवा सोबतीसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. नेमकी रक्कम राज्य ठरवते. हे पैसे अडण्याचे कारण बहुधा बँकेत सापडते. मुलीचे खाते आधारला जोडलेले नसते, दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेले असते, किंवा नावात फरक असतो. गोव्यात आडनावांची रोमन स्पेलिंगे घरोघरी वेगळी: गांवकर एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. जन्मदाखला, आधार, शाळेचा पट आणि बँकेचे पासबुक चारही समोर ठेवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. जूनमध्ये हे केले तर मार्चची धावपळ वाचते.

शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत मुले असतील तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. हे सरकारी शाळांसाठी आहे. गावातल्या बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळा पहिल्या गटात मोडतात. दहा हजारांत खडू, दुरुस्ती, वीज, पाणी आणि स्वच्छतेसाठी राखायचा किमान दहावा हिस्सा भागवायचा असतो. त्यातून रॅम्प मागणे म्हणजे मुख्याध्यापकांना उगाच कोंडीत पकडणे होय. रॅम्प आणि स्वच्छतागृह बांधकामाच्या वेगळ्या शीर्षाखाली येतात आणि त्यांचा प्रस्ताव वेगळा जातो.

पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. २०२१ पासून राज्याचे एकच मुख्य खाते असते, आणि शाळेला शून्य शिलकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते. ती वेळेत वापरली नाही तर परत जाते. शिवाय राज्याने आपला वाटा भरला आणि आधीच्या हप्त्यातला बराचसा खर्च झाला, तरच केंद्राचा पुढचा हप्ता सुटतो. म्हणून एका शाळेत न झालेला खर्च दुसऱ्या शाळेच्या मुलापर्यंत जाऊन भिडतो.

अर्ज कधी आणि कसा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. राज्याचा वार्षिक आराखडा हिवाळ्यात जमू लागतो. सरकारी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा या समितीनेच करायचा. तो डिसेंबर संपायच्या आत व्हायला हवा. म्हणजे पालकाची मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सभेत इतिवृत्तात आली पाहिजे. फेब्रुवारीत केलेला अर्ज बहुधा एक वर्ष पुढे ढकलला जातो. पालक-शिक्षक संघाच्या सभेत बोललेले इथे धरले जात नाही. दोन्ही सभा एकाच दिवशी होत असतील तरी इतिवृत्त वेगळे लिहायला लावा.

अर्ज एका पानाचा असावा:

‘प्रति, मुख्याध्यापक. विषय: इयत्ता तिसरीतील माझ्या मुलीसाठी सोयी. माझ्या मुलीला श्रवणदोष आहे. प्रमाणपत्र / नोंदणी क्रमांक सोबत जोडला आहे. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६, कलम १६ व १७ नुसार पुढील सोयी मिळाव्यात: १) दोन्ही कानांची श्रवणयंत्रे, २) विशेष शिक्षकाची आठवड्यातून ठरलेली भेट, ३) वर्गात पहिल्या बाकावर जागा. यूडायस प्लसमध्ये तिची नोंद तपासून प्रत द्यावी. हा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेपुढे ठेवून २०__-__ च्या आराखड्यात समाविष्ट करावा.’

तीन प्रती काढा. एक शाळेत, एक तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिसरी स्वतःकडे. शाळा आणि कार्यालय दोघांचाही शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिच्यावर घ्या. मागणी मोघम नको. ‘मदत व्हावी’ असे लिहिलेल्या अर्जाला ‘प्रयत्न करू’ असे उत्तर येते. पहिल्या बाकावरच्या जागेला पैसा लागत नाही, ती दुसऱ्याच दिवशी मिळायला हवी. म्हणून पैसा न लागणारी एक मागणी अर्जात मुद्दाम असू द्या. ती पूर्ण झाली का यावरून शाळेचा कल कळतो.

विशेष शिक्षकांबाबत आकडा माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रजनीश कुमार पांडे निकालात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक असे प्रमाण धरले. ७ मार्च २०२५ ला त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष शिक्षकांची पदे अधिसूचित करण्याचा आदेश दिला. एका शाळेत दोनच मुले असतील तर शिक्षक फिरता असणार, हे मान्य. पण मग त्याचे वेळापत्रक शाळेच्या फलकावर लागलेले असले पाहिजे.

श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) यांसाठी अलिम्को या साहित्य बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीची मोजमाप शिबिरे होतात. खर्चाचा ६० टक्के भाग केंद्राच्या दिव्यांग विभागाकडून, ४० टक्के समग्र शिक्षेतून. शिबिरात आधी माप घेतात, वाटप नंतर होते. मधल्या काळात मूल वाढते. कॅलिपर आणि बूट घेताना ते तिथेच घालून, चालवून पाहा. बसत नसेल तर सही करण्याआधी सांगा. घरी आणल्यावर मग ते खुंटीलाच टांगलेले राहते.

रॅम्प बांधताना

उतार १ ला १२. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. आपल्याकडे पावसामुळे जोती उंच आणि अंगणे छोटी, त्यामुळे कंत्राटदार तोच रॅम्प तीन मीटरांत बसवतो. चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही आणि उतरताना घसरते. जागा नसेल तर काटकोनात वळवा, वळणावर सपाट जागा ठेवा. रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडा, ७६ आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर दांड्या. पृष्ठभाग खरखरीत सिमेंटचा. गुळगुळीत लादीवर जूनच्या पहिल्या आठवड्यातच शेवाळ धरते. स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर मोकळे आणि बाहेर उघडणारे असावे. बिल मंजूर होण्याआधी व्यवस्थापन समितीने टेप धरून मोजावे आणि मापे इतिवृत्तात लिहावीत.

चौथीतून पाचवीत

सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि मूल हायस्कुलात, बहुतेकदा अनुदानित संस्थेत, जाते. नोंद तुटण्याची हीच जागा. नव्या शाळेने मुलाला यूडायसच्या कायम क्रमांकावरूनच आपल्याकडे ओढून घ्यायला हवे, नवीन नोंद करायला नको. दाखल्याबरोबर हा क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत, विशेष शिक्षकाच्या नोंदी आणि मिळालेल्या साहित्याची यादी मागून घ्या. ऑगस्टमध्ये नव्या शाळेत पुन्हा पान पाहा.

परीक्षा

कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. केंद्राच्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी म्हणून लेखनिक नाकारला, तर २०२१ चा विकास कुमार निकाल दाखवा. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. गोवा शालान्त मंडळाकडचा अर्ज शाळेमार्फत जातो. तो नववीतच द्या आणि नववीच्या सहामाहीपासून लेखनिकाबरोबर सराव सुरू करा. सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ते एका महिन्यात येत नाही. भाषेची सूट घेण्याआधी अकरावीत काय घ्यायचे आहे त्याचा विचार करा.

शाळेने ऐकले नाही तर

३० दिवस वाट पाहा, मग भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे स्मरणपत्र द्या. दिव्यांगजन हक्क नियम २०१७ मध्ये जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेश आणि सोयींसाठी एक नोडल अधिकारी असावा असे आहे. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात त्यांचे पद विचारा आणि पत्र पदनामाने लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालच्या तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. मूल १४ च्या पुढचे असेल, किंवा प्रश्न रॅम्प, वाहतूक, लेखनिकाचा असेल, तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जाणे जास्त उपयोगी. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केले ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचे असते.

पैशाचा माग काढायचा तर आधी समग्र शिक्षेच्या मंजुरी मंडळाचे गोव्याचे इतिवृत्त पाहा. ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. शेवटच्या तक्त्यात समावेशक शिक्षणाखाली (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शीर्षाखाली) प्रत्येक बाबीपुढे मुलांची संख्या, दर आणि रक्कम दिसते. मग १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि तीनच प्रश्न विचारा: या बाबींवर ३१ मार्चपर्यंत किती खर्च झाला, तालुकावार किती मुलांना लाभ मिळाला, आणि माझ्या मुलाच्या शाळेचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पुढे गेला. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा, त्यांना माहिती नव्हे म्हणून बाजूला सारतात. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तारीख नसेल, तर प्रस्ताव शाळेतून निघालाच नाही असे समजा आणि ते उत्तर घेऊन ऑक्टोबरच्या सभेला जा.